दसऱ्याचं पाणी

सकाळी सहाला पाणी आलं आणि मी नळाला हात लावला, तर असा झटका बसला की मनगटापासून खांद्यापर्यंत हात बधिर. हंडा सुटला, दगडावर आपटला, आणि त्याच्या बुडाला हा एवढा पोचा आला. ऐन दसऱ्याच्या दिवशी! मी ओरडले, "अहो, इकडे या आधी! नळाला करंट आहे!"

आमचे हे, म्हणजे रंगनाथ, तोंडात ब्रश धरून मागच्या दारी आले. आले ते सरळ नळ मुठीत धरून उभे राहिले. ब्रश या गालातून त्या गालात नेला आणि म्हणाले, "कुठंय? काही तर नाही."

"मला लागला ना पण!"

"मुंग्या आल्या असतील. नऊ दिवस उपास केले की येणारच."

आता माझे उपास उठता-बसता. पहिला दिवस आणि शेवटचा. मधले सगळे दिवस मी ह्यांच्याच पंगतीला बसून व्यवस्थित जेवले होते, हे ह्यांना माहीत नाही होय? पण ह्यांचं एकदा ठरलं की ठरलं. मी पाय आपटत आत गेले. उरलेलं पाणी मी भरलंच नाही, ह्यांनीच भरलं.

तुम्हाला आमची लाइन माहीत नसेल. नाशिक रोडला, जेल रोडच्या अंगाला, सहा घरं एकाला एक चिकटून. मागे सगळ्यांचं मिळून एक लांबट अंगण. भिंतीच्या कडेने एकच लोखंडी पाइप गेलेला आणि त्याला प्रत्येक घरासमोर एक तोटी. पाणी सकाळी सहाला तासभर, दुपारी चारला तासभर. चार वाजले की सहाही घरच्या बायका आपापल्या तोटीपाशी. आणि आमच्याकडे पिण्याचं पाणी कुणी चपला घालून भरत नाही. फुलाबाईंनी तर नव्या सुनांना दम देऊन ठेवलेला, "पाणी म्हंजी देव हाय, पायताण काढा आधी." त्यामुळे ओल्या दगडावर सगळ्या अनवाणी.

आणि ह्या लाइनीत ह्यांचं नाव मोठं. प्रेसमध्ये हे मशीनला तेलपाणी करायचे, पण घरी आले की इंजिनियर. कुणाचा फ्यूज उडाला, कुणाची इस्त्री तापेना, की हाक ह्यांनाच. पैसा घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे, आणि "रंगनाथभाऊंचा हात लागला की झालं" हे ऐकायला मिळालं की दोन दिवस खुशीत. मला त्याचं कौतुक होतं, नाही असं नाही.

त्यात चार दिवसांपूर्वी आमच्याकडे फ्रीज आला होता. ह्यांच्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी जुना फ्रीज ह्यांना दिला. लाइनीतला पहिला फ्रीज. स्वयंपाकघरात जागा होती, पण हे म्हणाले बाहेरच्या खोलीतच ठेवू. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. अष्टमीच्या संध्याकाळी ह्यांनी स्वतः त्याच्यासाठी तीन पिनांचा नवा पॉइंट काढला, फ्यूजमध्ये चांगली जाड तार घातली, सारखा उडायला नको म्हणून, आणि फ्रीज सुरू झाल्यावर सगळ्या लाइनीला पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी नवमीला सगळी लाइन डबे घेऊन हजर. दसऱ्याला श्रीखंड, त्याचा चक्का टिकायला हवा. फुलाबाईंचा डबा, शकुबाईंचा डबा, कोपऱ्यावरच्यांचे दोन. झाकणांना रंगीत दोरे बांधलेले, ओळखायला. आमच्या दुधाला जागा उरली नाही. त्याच दिवशी खंडेनवमी म्हणून ह्यांनी पक्कड, पेचकस, टेस्टर पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. फ्रीजला झेंडूची माळ. दारातल्या लुनालाही माळ. आणि आमच्याकडे रीत अशी, की हत्यार एकदा पूजेला बसलं की दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून आल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही.

"तेवढा टेस्टर लावून बघा ना नळाला," नाश्त्याला मी म्हणाले.

"पूजेतला? शुद्धीवर आहेस ना?"

"मग संध्याकाळपर्यंत काय करायचं?"

"काही करायचं नाही. श्रीखंड घोट."

मी श्रीखंड घोटायला बसले, पण हात चालेना. चक्का चाळणीवर, डोळे मागच्या दाराकडे. उठले, फुलाबाईंकडे गेले. शेजारचंच घर. त्या पुऱ्यांची कणीक मळत होत्या, आणि त्यांची सिंधू भिंतीला टेकून वेलची सोलत बसली होती. चांदवडला दिलेली त्यांची लेक. सातवा संपून आठवा लागलेला, पहिलटकरीण, आठवड्यापूर्वी बाळंतपणाला आली होती. फुलाबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून आल्यापासून पाणी सिंधूच भरायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही.

"फुलाबाई, सकाळी नळाला काही लागलं का तुम्हाला?"

"मी कुठं जाते नळावर? सिंधे, तुला काय लागलं का गं?"

"जरा झिणझिण झालं," सिंधू म्हणाली. "मला वाटलं, पोटामुळे असेल. हल्ली हातापायाला मुंग्या येतातच."

मी तिच्याजवळ खाली बसले. मी म्हणाले, "सिंधू, आज चारला तू पाण्याला जायचं नाही. मी सांगते म्हणून जायचं नाही."

फुलाबाई हसायला लागल्या. "अगं सुलाबाई, सणाच्या दिवशी काय हे? भाऊंनी धरून पाह्यला ना नळ? आमच्या ह्यांनी सांगितलं मला. काय नाय म्हणाले ते. तू लय काळजी करते बाई!"

म्हणजे ह्यांनी लाइनभर सांगून ठेवलं होतं. शकुबाईंकडे गेले तर त्यांनी मला लिंबूपाणी प्यायला सांगितलं. कोपऱ्यावरच्यांनी तर दार अर्धंच उघडलं. घरोघर तळणीचा वास, रांगोळ्या, तोरणं, आणि मी आपली वेड्यासारखी करंट करंट करत फिरतेय.

अकराला मी घरात आले आणि सरळ मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. रेडिओ थांबला. फ्रीजची घरघर थांबली. हे बाहेरच्या खोलीतून ताडकन उठून आले.

"कुणी बंद केलं?"

"मी. आज लाइट नको घरात."

"सहा घरांचा चक्का आहे त्यात! नासला तर तू तोंड दाखवणार आहेस का लोकांना?" खटका पुन्हा वर. आणि मग खुर्ची ओढून तिथेच, बोर्डाखाली, पेपर घेऊन बसले. जेवणाची वेळ होईपर्यंत हलले नाहीत. मला तेव्हा फक्त राग आला. एवढा कसला पहारा, एवढं मनात आलं नाही.

आमची कुंदा हे सगळं बघत होती. सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. श्रीखंड-पुरी जेवून हे आडवे झाले आणि घोरायला लागले, तशी ती स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "आई, देवळालीगावातून यादवकाकांना बोलावू का?"

यादव म्हणजे परवान्याचा वायरमन. त्यांनीच आमच्या लाइनीचं मूळ फिटिंग केलं होतं. ह्यांचं आणि त्यांचं जमायचं नाही, ते सोडा.

"आज दसरा. तो तरी हत्यार उचलेल का?"

"निदान विचारते तरी. लुनावर गेले तर अर्ध्या तासात परत."

आता ऐका. लुना ह्यांची. कुंदाला ती शिकून जेमतेम तीन आठवडे झालेले, आणि तिला परवानगी होती ती फक्त मागच्या मैदानात गोल गोल फिरवायची. रस्त्यावर न्यायची नाही, ही ह्यांची सक्त ताकीद. त्यात लुना पूजेत. आणि देवळालीगावला जायचं म्हणजे बिटको चौक ओलांडायचा, दसऱ्याची गर्दी, ट्रका, रिक्षा. मी घड्याळाकडे बघितलं. अडीच.

मी दारात गेले आणि माझ्या हाताने लुनाची माळ काढली. कुंकवाची बोटं पदराला पुसली. किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "चौकात उतरून हातात धरून ने. आणि कुणाशी हुज्जत घालू नको."

पेडल मारलं, दोनदा फुसफुसली, तिसऱ्यांदा सुरू झाली. कुंदाची वेणी कोपऱ्यावरून वळली आणि माझा जीव तिच्यामागे निघून गेला. हे मी काय केलं? एकीचा जीव वाचवायला दुसरीला रस्त्यावर घातलं. तीन वाजले. सव्वातीन झाले. मी पुढच्या दारी जायची, रस्ता बघायची, मागच्या दारी यायची, नळ बघायची. मग पुन्हा पुढच्या दारी. भांडी घासायची पडलेली, त्यावर माश्या बसलेल्या. एखादी लुना दुरून ऐकू आली की वाटायचं हीच, आणि ती दुसरीच निघायची. गाड्या पुजलेल्या, माळा घातलेल्या, सगळं नाशिक जणू आजच रस्त्यावर आलं होतं.

साडेतीनला हे उठले. "लुना कुठंय?"

"कुंदा घेऊन गेलीय. यादवला बोलवायला."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण तसं काही झालं नाही. चेहरा उतरला. मग म्हणाले, "यादवला? यादवला कशाला?" आणि तेवढ्यात मागून फस्स आवाज आला. सणाचं पाणी, अर्धा तास आधीच सोडलेलं.

मी धावले. पायात काही घातलं नाही, सरळ अंगणात, फुलाबाईंच्या तोटीसमोर हात पसरून उभी राहिले. सिंधू कळशी घेऊन पायरी उतरतच होती.

"मागे हो! कुणी नळाला हात लावायचा नाही! शकुबाई, मागे! ऐकू येत नाही का?"

"आता काय म्हणावं हिला," शकुबाई म्हणाल्या. "घरात फ्रीज आला म्हणजे नळ पण हिचाच झाला का?"

"तासभर पाणी, त्यातली दहा मिनिटं हिनंच खाल्ली!" मागून कुणीतरी म्हणालं.

फुलाबाई दारातून ओरडल्या, "सुलाबाई, सर बाजूला. आजच्या दिवशी माझ्या लेकीला असं अडवू नको गं. अपशकुन होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फुलाबाईंशी माझं बहिणीसारखं होतं. पण मी सरले नाही. म्हटलं, "अपशकुन झाला तर माझ्यावर घ्या. पण हिला हात लावू देणार नाही."

मग हे आले. पायऱ्या उतरले, सगळ्यांकडे बघून हसले, आणि माझ्या बाजूने हात घालून तोटी घट्ट धरली. सोडली, पुन्हा धरली. तोटी फिरवली, पाणी धो धो दगडावर पडलं.

"बघा. बघा सगळ्यांनी. काही आहे का? सकाळपासून डोकं खाल्लं हिनं माझं." आणि मला म्हणाले, "झालं समाधान? चल आत."

लाइन हसली. सगळीच्या सगळी. सिंधूसुद्धा तोंडाला पदर लावून हसली आणि कळशी घेऊन पुढे आली. माझा हात खाली आला. नवऱ्याने डोळ्यांदेखत नळ धरलेला.

तेवढ्यात कुंदा आली. लुना पुढेच टाकली असावी, घरातून धावत आली, घामाने निथळत, धापा टाकत. "सिंधूताई, थांब! बाबा, यादवकाका म्हणाले, हत्यार पूजेत आहे, मी येणार नाही, पण तोंडाने सांगतो. फ्रीजची तिसरी वायर नळाला बांधलीय का बघ. लोक अर्थिंग म्हणून तशीच बांधतात. आणि पाइप गळत होता म्हणून गेल्या महिन्यात मध्ये प्लास्टिकचा तुकडा घातलाय ना, तर जुन्या फ्रीजच्या आत रात्रीत कुठे वायर उघडी पडली असली, की तो करंट जमिनीत जायला वाटच नाही. सगळा ह्या तोट्यांवर येणार." तिने दम घेतला. "आणि म्हणाले, चपला घालून धरला तर काही कळत नाही. बाबा, चपला काढून धरा ना."

तिच्या मनात काही नव्हतं हो. पोरगी सायन्सची, तिला वाटलं बघावं.

मी खाली बघितलं. ह्यांच्या पायात रबरी स्लिपर होत्या, निळ्या पट्ट्याच्या. सगळ्या बायका तिकडेच बघायला लागल्या. पाणी धो धो वाहत होतं आणि कुणी तोटी बंद करायला पुढे झालं नाही.

ह्यांनी चपला काढल्या नाहीत. एक पाय थोडा हलला, आणि पुन्हा तिथेच राहिला.

"बाबा?" कुंदा म्हणाली.

फुलाबाई गुडघे दुखत असताना पायऱ्या उतरल्या. सिंधूच्या दंडाला धरलं आणि तिला मागे ओढलं. सिंधूने दुसरा हात पोटावर ठेवला होता.

हे वळले आणि घरात गेले. आतून प्लग उपसल्याचा आवाज आला, मग मेन स्विच खाली ओढल्याचा. मग मोरीच्या भिंतीशी, जिथून ती वायर बाहेर पाइपला गेली होती, काहीतरी कचकन तुटलं. पूजेतली पक्कड उचलली होती. परत आले तेव्हा हातात हिरव्या वायरचा तुकडा होता आणि तोंड पांढरं फटक.

"काका, आता भरू?" सिंधूने विचारलं.

"भर," हे म्हणाले.

कुणी हललं नाही. सिंधू माझ्याकडे बघायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं.

"तुम्ही आधी," मी ह्यांना म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या. ओल्या दगडावर अनवाणी उभे राहिले. हात पुढे केला. आणि मग मलाच काय झालं कोण जाणे. दिवसभर ज्यासाठी जीव तोडला तेच समोर, आणि माझ्या तोंडून निघालं, "नको, राहू द्या, नका लावू हात!" पण त्यांनी डोळे मिटले आणि तोटी धरली.

काही झालं नाही. पाणी वाहतच होतं.

मग त्यांनी सिंधूची कळशी घेतली, भरली, फुलाबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवली. परत आले, हंडा नेला. शकुबाईंचा नेला. सहाही घरांचं पाणी त्या दिवशी ह्यांनी भरलं, अनवाणी. एरवी बायका नको नको म्हणाल्या असत्या, भाऊ, तुम्ही कशाला. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. एकेक जणी येऊन फ्रीजमधला आपला उरलेल्या श्रीखंडाचा डबा तेवढा घेऊन गेली.

संध्याकाळी सोनं द्यायला लाइनीतलं कुणी आलं नाही. हे बाहेरही गेले नाहीत. मी उरलेल्या पुऱ्या तळत होते, तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सकाळी तू आत गेलीस ना," ते म्हणाले. "तेव्हा मी चपला काढून धरून बघितला होता."

झारा माझ्या हातात तसाच राहिला. "मग?"

"लागला. जोरात लागला."

"मग पाणी कसं भरलंत?"

"चपला घालून."

"आणि बोलला का नाहीत?"

"सगळ्यांचा चक्का आत होता. पेढे वाटले होते मी. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सोडवून टाकतो वायर. एका दिवसात काय होतंय, असं वाटलं गं."

कढईत पुरी करपली. मी बघत राहिले त्यांच्याकडे. एकोणीस वर्षांचा संसार. ह्या माणसावर मी रोज चिडले, रोज भांडले, पण त्याची भीती मला कधी वाटली नव्हती. ती त्या क्षणी वाटली. मी करपलेली पुरी बाहेर काढली. ते बाहेर जाऊन अंधारात खुर्चीवर बसले. मेन स्विच कुणी वर केलाच नव्हता, घरात कंदील होता.

कुंदा ताट घ्यायला आली. कंदिलाच्या उजेडात तिचा चेहरा मोठ्या बाईसारखा दिसत होता. तिने आवाज खाली आणला.

"आई, बाबांना माहीत होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांना कुठून माहीत असणार?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग ताट तसंच ठेवून ती मागच्या दाराने फुलाबाईंकडे गेली.